न परतलेल्यांचा ढीग

त्या वर्षी मी देवाशी बोलणं टाकलं होतं. एकुलता एक मुलगा ब्रह्मदेशाच्या लढाईत बेपत्ता झाल्याची तार येऊन वर्ष उलटलं होतं. साताऱ्याच्या शाळेत मी इतिहास शिकवत असे. कुठल्या लढाईत कोण पडलं हे मुलांकडून घोकून घेताना मध्येच मी पुस्तक मिटायचो. घरी पत्नीचं अन्न तुटलं होतं. एक दिवस तीच म्हणाली, "घाटातला त्याचा दगड उचलून आणा. देवीला वाटेल, तो परत आलाय."

तिचं माहेर कोयनेच्या खोऱ्यापलीकडे, कोकणात. तिकडे उतरणाऱ्या जुन्या फरसबंदी वाटेवर वाघजाईचं ठाणं आहे. घाट उतरणाऱ्याने तिथे एक दगड ठेवायचा आणि परतताना तो उचलून घरी न्यायचा, अशी रीत. पलटणीत जाण्याआधी मुलगा आजीच्या पाया पडायला त्याच वाटेने उतरला, दगड ठेवून, आणि खालच्या खालीच रुजू व्हायला गेला. देवीला फसवायची ही कल्पना मला पटत नव्हती. पण पत्नीशी वाद घालायचं त्राण माझ्यात नव्हतं.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी शेवटचं गाव सोडून मी चालू लागलो. धुकं इतकं दाट, की पुढची पायरी पायानेच चाचपावी लागे. बैलांच्या खुरांनी पायऱ्यांचे दगड मधोमध झिजले होते. ही वाट कुणी बांधली हे मला, इतिहासाच्या मास्तरला, ठाऊक नव्हतं. दोनदा घसरलो, गुडघा फुटला. ठाण्यापाशी पोचलो तर समोर छातीइतका उंच ढीग, शेवाळलेले शेकडो दगड. त्यातला माझ्या मुलाचा कोणता? वेड्यासारखा एकेक उलटून पाहत राहिलो आणि शेवटी तिथेच बसून रडलो. तार आल्यापासून पहिल्यांदाच.

एक म्हातारी धनगरीण हातात घागर घेऊन धुक्यातून आली. माझं रडणं तिने पाहिलं, पण आधी दटावलंच, "आवं, दुसऱ्याच्या दगडाला हात लावू नगासा. ज्यानं ठेवला त्यानंच उचलायचा."

मी तिला मुलाचं सांगितलं. ती शेजारी टेकली आणि वाटेबद्दल बोलू लागली. या वाटेने बैलांच्या पाठीवरून मीठ वर यायचं, धान्य खाली जायचं. बैलांमागे तांडे चालत, तांड्यांमागे बायका. कुणाला पटकीने गाठलं, कुणाला वाघाने, कुणी समुद्रावर गेलं. जे परतले त्यांनी आपापले दगड नेले; उरले ते न परतलेल्यांचे. तिचा धनी तरणाताठा असताना बोटीवर कामाला गेला होता, त्याचाही दगड यातच होता. इतकी वर्षं मी इतिहास शिकवला, पण मागे उरलेल्या माणसांचा विचार कधी माझ्या मनाला शिवला नव्हता.

मग ती उठली आणि ढिगावर सावकाश पाणी घालू लागली. तिच्या धन्याचा दगड कोणता, असं मी विचारलं.

"ठावं न्हाई. म्हनून समद्यांस्नीच घालते. रोज."

माझा मुलगा ही वाट उतरला त्या दिवसापासून, आम्हाला पत्ता नसताना, कुणीतरी त्याच्या दगडावर रोज पाणी घालत होतं. तिने रिकामी घागर माझ्या हातात दिली. शेजारच्या खडकातल्या टाक्यातून ती भरून आणून मीही ओतली. हात जोडले ते देवीला की त्या बाईला, मला सांगता येणार नाही.

रिकाम्या हातांनी घरी आलो. जेवायला बसल्यावर पत्नीला सगळं सांगितलं. तिने एवढंच विचारलं,

"म्हणजे आज सकाळीही पडलं असेल पाणी?"

"पडलं असेल."

तिने ताट पुढे ओढलं.

मुलगा आला नाही. आता येईल असंही वाटत नाही. पण मी देवाशी पुन्हा बोलू लागलो आहे. मागायचं काही नसतं. अंघोळीचा पहिला तांब्या अंगावर घेताना तो ढीग डोळ्यांपुढे येतो आणि मी एवढंच म्हणतो, आई, तो तुझ्याकडे आहे.