ती पाळी नव्हती

पाठीला करंगळीएवढं छिद्र पाडून दौंडच्या डॉक्टरांनी माझा मुतखडा काढला, तेव्हा सगळे म्हणाले, सुटलीस. नवरा रेल्वेत, कधी कुठल्या मालगाडीवर असेल त्याचा नेम नाही. म्हणून विश्रांतीसाठी माझी रवानगी शिरूरजवळ सासरी झाली. सासरी आणि विश्रांती! असो.

आठवडा बरा गेला. मग लघवी लाल झाली. सासूबाईंना सांगायला गेले, तर पुरतं ऐकून न घेताच त्यांनी मला कॉटवरून उठवलं आणि मागच्या पडवीत सतरंजीवर बसवलं. आमच्या घरी अजून बाजूला बसतात. मी म्हटलं, आत्या, ही पाळी नाही, लघवीतून जातंय. त्या म्हणाल्या, बाईच्या जातीला रक्ताचं काय नवल. लाल दिसलं की लगेच या, असं डॉक्टरांनी बजावलं होतं, तेही सांगून पाहिलं. पण घरात गाडी चालवणारे एकटे सासरे, आणि असलं काही सासऱ्यांच्या कानावर घालायचं नसतं. नवऱ्याला फोन केला, तर तो म्हणाला, आईला विचार, तिला त्यातलं कळतं.

पुढे रक्ताच्या गाठी पडायला लागल्या. उठलं की डोळ्यांपुढे अंधारी यायची. आता आपण मरणार, अशी भीती बसली. एका सकाळी भिंत धरत ओसरीवर गेले. सोसायटीच्या निवडणुकीची माणसं जमली होती, सासरे त्यांच्यात चहा पीत बसले होते.

"मामा, मला लघवीतून रक्त जातंय. गाडी काढा."

सगळे कपात बघायला लागले. सासरे मात्र उठले आणि त्यांनी गाडी काढली.

पुण्यात कळलं, छिद्राजवळची किडनीतली रक्तवाहिनी फुगून फुटली होती. जांघेतून बारीक नळी घालून ती बंद केली. तिच्यावर जगणारा किडनीचा तुकडाही गेला. असं क्वचितच होतं, डॉक्टर म्हणाले, पण लवकर आला असतात तर इतकं रक्त गेलं नसतं. क्वचित! बाईचं बोलणं कानाआड करणं आमच्याकडे रोजचं आहे, त्याचं काय?

घरी आल्यावर भेटायला येणाऱ्यांना सासूबाई सांगायच्या, डॉक्टरनं काम बिघडवलं. मला संताप यायचा. एकदा कणीक मळता मळता त्या म्हणाल्या, "चार बाप्यांसमोर असलं बोलताना लाज न्हाई वाटली तुला?"

"वाटली ना, आत्या. म्हणून तर ओसरीवर यायला इतके दिवस लागले."