होडीचा उरलेला रंग

आज घरी खिडकीच्या ग्रिलला ऑइलपेंट लागतोय. त्याचा उग्र वास नाकात गेला आणि मी थेट कळव्याच्या कोळीवाड्यातल्या त्या भिंतीसमोर जाऊन उभी राहिले.

कॉलेजात असताना आम्ही तिथलं जुनं चित्र पुन्हा रंगवायला गेलेलो. निळ्या आभाळाखाली टोपली घेतलेली कोळीण. ती तिथल्याच दामाकाका कोळ्यांची बायको, तेव्हा हयात नसलेली. धूळ काढायला मी भिंतीवर पाणी मारलं, तर आभाळच ओघळायला लागलं. साधा डिस्टेंपर होता तो. निळं पाणी कोळणीच्या कपाळावरून खाली येऊ लागलं. मागे दामाकाका उभे होते. वळून बघायची हिंमत होईना.

पाणी निथळलं. आभाळ गेलेलं, पण बाई जशीच्या तशी, कुंकवासकट. तेव्हा कुठे मी मागे वळले.

"नारली पुनवेला होरी रंगवतो ना," काका म्हणाले, "रंग उरला का हिला लावतो."

होडीचा ऑइलपेंट, त्याला पाण्याचं काय भय!

तेव्हा मला फक्त चित्र वाचल्याचं हायसं वाटलेलं. आज मात्र काकांचं पुढचं वाक्यच आठवत राहतं.

"आभाल तुमी पोरं करा. हिचं मी बगतो."