उशाशी आलेली हाक

माझा आवाज गेला त्या दिवसापासून देवीशी माझा अबोला होता. स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं होतं, पण पुढे तो छातीतल्या गाठींत पसरला आणि आवाजाची नस दाबली गेली. बेंगळुरातल्या जुन्या पेठेतल्या भवानीच्या देवळात शुक्रवारची आरती मी म्हणायची. आता तोंडातून नुसता वारा निघे. जिने इतकी वर्षं गाऊन घेतलं तिनेच गळा आवळला, असं वाटे आणि मी देव्हाऱ्याकडे पाठ करून बसे.

त्यातच डॉक्टरांनी नवं औषध सुचवलं. आमच्याकडे ते तेव्हा नुकतंच मिळू लागलं होतं. "गाठी जातीलच असं नाही, पण थांबतील कदाचित. काहींना सोसत नाही," ते म्हणाले. मला नकोच होतं. माझे थोरले भाऊ, अण्णा, हट्टाने हॉस्पिटलात घेऊन गेले म्हणून मी गेले.

दुपारची वेळ होती. सिस्टर सलाईनमधून औषध सोडून पलीकडे गेली. अण्णा खाली कॉफी आणायला गेले. पडद्याआड मी एकटी. थोडेच थेंब गेले असतील, तोच पाठीत कळ आली, अंगाची आग झाली, छाती आवळत गेली. हाक मारायला तोंड उघडलं, पण वारासुद्धा निघेना. 'आई, आता तूच,' एवढंच मनात आलं. अबोला आठवलाही नाही.

आणि माझ्या उशाशी एक बाई खणखणीत ओरडली, "अक्का, बेगा बन्नी! लवकर या!" इतक्या जवळून, की कानाला ऊबदार श्वास लागला. मी मान वळवली. उशाशी नुसती भिंत होती.

सिस्टर धावत आली. औषध बंद केलं, इंजेक्शन दिलं, ऑक्सिजन लावला. श्वास परत आल्यावर ती घाम पुसत म्हणाली, "ओरडलात ते बरं झालं अम्मा." मी मान हलवली. मी नव्हे. शेजारच्या खाटेवरची बाई म्हणाली, "तुम्हीच की. आम्ही सगळ्यांनी ऐकलं."

अण्णा आले ते पांढरेफटक पडून. "जिन्यात ऐकलं गं. आरतीतला तुझाच आवाज. वाटलं, परत आला."

मी बोलून पाहिलं. तीच फुसफुस. अण्णांनी कॉफी खाली ठेवली आणि बराच वेळ माझ्याकडे बघायचं टाळलं.

घाबरलेला गळा कधीकधी क्षणभर उघडतो, असं डॉक्टर म्हणाले. असेलही. मी वाद घालत नाही. मात्र कितीतरी दिवस गळ्यावर हात ठेवताना, आत कुणी बसलंय असं वाटून अंगावर काटा येई. जो आवाज माझा म्हणून मी रुसले, तो माझा कधी होता का, असंही मनात येई.

पुढच्या खेपेला डॉक्टरांनी आधी इंजेक्शनं देऊन औषध सावकाश सोडायचं ठरवलं आणि "तयार आहात ना?" असं विचारलं. या वेळी मी आपणहून हात पुढे केला. गाठी सध्या थांबल्या आहेत. आवाज आलेला नाही. मागण्यासारखं पुष्कळ आहे, पण मागत नाही. सकाळी डोळे उघडले की "आहेस ना?" एवढंच पुटपुटते, आणि उत्तर येईल या धास्तीने पटकन उठून देव्हाऱ्यात दिवा लावते.