शेजारची सीट

कोल्हारला कॉलेजच्या एसटीची वाट पाहताना मी गॅरेजच्या बाकावर बसतो. घरात कॉलेजला जाणारा मी पहिलाच, त्यामुळे एसटी कधी चुकवत नाही. तिथल्या मिस्त्रींचं नाव मला ठाऊक नाही, आणि इतक्या ओळखीनंतर आता विचारणं बरं दिसत नाही. कोणतीही गाडी आली की ते चपला काढून आत बसतात आणि डोळे मिटतात.

या उन्हाळ्यात शिर्डीचे एक गृहस्थ दोनच सीटची जुनी स्पोर्ट्‌स कार घेऊन आले. इंजिनाची धग आत येई, म्हणून त्यांच्या पत्नीने गाडीत बसणंच सोडलं होतं.

"मला तर एवढं जाणवत नाही," ते म्हणाले.

"चालवनाऱ्याला मजा येती, साहेब. त्याला न्हाई कळत." मिस्त्री शेजारच्या सीटवर बसले. "हाना गाडी."

भर दुपारी परतले तेव्हा मिस्त्रींच्या अनवाणी पायांचे तळवे लाल झाले होते. त्यांनी इंजिनामागच्या पत्र्याची भोकं बुजवली. साखर कारखान्यात वाफेच्या पाइपांना गुंडाळतात तशी जाड पट्टी सायलेन्सरच्या पाइपाला गुंडाळली. मग पुन्हा अनवाणी फेरी, पुन्हा काम. असे बरेच दिवस गेले.

शेवटी गृहस्थ पत्नीला घेऊन आले.

"ताई, चपला हितंच काढा," मिस्त्री म्हणाले.

गाडी प्रवरेच्या पुलाकडे गेली. माझी एसटी आली, तरी मी उठलो नाही. गाडी परतली, पण बाई उतरल्या नाहीत. "दादा, अजून एक चक्कर मारून येतो," म्हणाल्या.

बाईंच्या चपला उन्हात होत्या. मिस्त्रींनी त्या उचलून सावलीत ठेवल्या.