मांडीवरची थाप

आल्सीड नार्सिसचं नाव सेंट ओडीलच्या पाण्याच्या टाकीवर काही वर्षं होतं. मग टाकी रंगवायला काढली आणि नव्या रंगात गावच्याच दुसऱ्या पोराचं नाव आलं. तो पोरगा चेंडू घेऊन पळायचा. आल्सीडने तक्रार केली नाही. त्याची बायको व्हर्नेल मात्र नगरपालिकेत जाऊन कडाकडा भांडून आली. आल्सीड तिला म्हणाला, "अगं, त्याचा चेहरा टीव्हीवर दिसतो. माझं काय दिसायचं, माहितीये ना तुला? ते टाकीवर काढू देतील का पाद्रीबाबा?"

बोलला ते खोटं नव्हतं. तो अमेरिकन फुटबॉलच्या रांगेतला मधला माणूस, सेंटर. ओणवं व्हायचं, जमिनीवरचा चेंडू दोन पायांमधून मागे द्यायचा आणि त्याच क्षणी समोरच्या दीडशे किलोच्या गड्यावर तुटून पडायचं, हे काम त्याने अकरा हंगाम केलं. एकदा मागे गेलेला चेंडू दुसऱ्या कुणाचा तरी व्हायचा, आल्सीडचा कधीच नाही. रांगेतल्या पाच जणांचं नाव समालोचक घ्यायचा, ते चूक झाली तरच. ज्या रविवारी आपलं नाव कुणी घेतलं नाही, तो रविवार चांगला गेला असं ते पाचही समजायचे आणि खूश असायचे. असल्या धंद्यात लोक आयुष्य घालतात, याला काय म्हणावं!

बाप साखर कारखान्यात रसाच्या कढईवर होता. ऊस तुटायला लागला की गावभर मळीचा वास सुटायचा आणि बाप घरी फक्त झोपायला यायचा. पोरगं इतकं थोराड, की शाळेच्या बाकात मावायचं नाही. फुटबॉलच्या मास्तरांनी त्याला हेरलं ते चर्चच्या जेवणावळीत. चार बाया लांब टेबल हलवायला कुणाची तरी वाट बघत होत्या. आल्सीडने ते एकट्याने उचललं, वर भाताची पातेली होती तशीच. मास्तरांनी हातातलं चिकन खाली ठेवलं म्हणतात.

पुढे खाणं हीच त्याची नोकरी झाली. वजन उतरलं की जागा जाणार. व्हर्नेल लाल राजमा आणि भात रांधायची, तो ताट संपवायचा, रडकुंडीला यायचा आणि दुसरं ताट मागायचा. सरावात रोज डोक्यावर डोकं आपटायचं. जोरात आपटलं तर "घंटा वाजली रे" म्हणून सगळे हसायचे, शुद्धीवर यावा म्हणून नाकाशी अमोनियाची पुडी धरायचे आणि परत रांगेत उभं करायचे. प्रेक्षकांत बसून व्हर्नेलही हसायची. त्या हसण्याचा तिला पुढे फार राग आला.

त्याच्या डाव्या हाताला आठ वर्षं एकच माणूस होता, डेल हॉस्टेटर. ओहायोतल्या गोठेवाल्याचा गोरा मुलगा. परक्या गावच्या मैदानात लोक मुद्दाम कल्ला करायचे, इतका की मागे चेंडू घ्यायला उभ्या असलेल्याची हाक ऐकू येऊ नये. आल्सीडचं डोकं खाली, त्याला मागचं दिसायचं नाही. मग डेल मागे वळून बघायचा आणि तिकडे तयारी झाली की आल्सीडच्या मांडीवर थाप मारायचा. आल्सीड डोकं वर काढायचा, मनात एक म्हणायचा आणि सुटायचा. थापेवर तो कधी चुकला नाही.

खेळ सुटल्यावर बरीच वर्षं बरी गेली. मग पन्नाशीच्या आतच एक दिवस तो घरामागच्या उसात हरवला. उंच ऊस, चारी बाजूंना सारखाच. शेजाऱ्यांनी शोधून काढलं तेव्हा तो सरीत ओणवा होऊन वाट बघत होता. डोक्यावर बसलेल्या त्या धक्क्यांनी मेंदू झिजत चाललाय, हे डॉक्टरांनी सांगितलं ते व्हर्नेलला आधीच कळलेलं होतं. त्याच सुमारास तो एका जुन्या सोबत्याला भेटायला गेला. त्या सोबत्याला देखभालीच्या घरात ठेवलं होतं, दाराला आकडे दाबायचं कुलूप. आल्सीड बाहेर आला, गाडीत बसला आणि चावी फिरवेना.

"व्हर्नेल, मला कुलपात नाही ठेवायचं. वेडा झालो तरी."

"काहीतरीच काय बोलतोस!"

"शब्द दे."

तिने शब्द दिला. तेव्हा तो तिचा हात धरून रडला होता आणि का रडतोय हे त्याला ठाऊक होतं.

अठ्ठावन्नाव्या वर्षी त्याला काहीच ठाऊक नव्हतं. बोलणं गेलं. ओसरीतल्या खुर्चीत बसला की बसला. व्हर्नेल किरकोळ बाई. तो डोंगर ती हलवणार कशी? शेजारच्या मिस ओझीला हाक मारायची, दोघींनी काखेत हात घालायचे आणि तो तसाच. कितीदा खुर्चीतच सगळं व्हायचं. लेक जोनेल ह्यूस्टनला नर्स होती. ती आली की खुर्ची बघायची, आईची कंबर बघायची आणि विषय काढायची.

"मम्मा, किती दिवस काढशील असे?"

"शब्द दिलाय मी."

"डॅडीला तो आठवत तरी आहे का?"

"मला आठवतोय ना."

जोनेल आईच्या हट्टापुढे हरली, पण एक अट घालून गेली. "त्याचा हात कुणावर पडला, की त्या दिवशी तो इथून हलणार. असल्या रोग्यांच्या हातात किती ताकद उरते, ते मी रोज वॉर्डात बघते. तेव्हा मग मला शब्दाबिब्दाचं सांगायचं नाही." व्हर्नेलने मान हलवली. आल्सीडने जन्मात कुणावर हात उगारला नव्हता.

त्या उन्हाळ्यात डेल आला. गुडघे गेलेले, दोन काठ्यांवर. आल्सीडने त्याला ओळखलं नाही. डेल बाजूला स्टूल ओढून बसला आणि आपल्या गाईंचं सांगत राहिला. जेवायची वेळ झाली तशी व्हर्नेल मिस ओझीला हाक मारायला निघाली.

"थांब गं व्हर्न," डेल म्हणाला. "जरा बाजूला हो. समोर नको, बाजूला."

आणि त्याने आल्सीडच्या डाव्या मांडीवर दोनदा थाप मारली. आल्सीडची मान वर आली. एक क्षण गेला. मग तो खुर्चीतून असा उठला, की खुर्ची मागे जाऊन भिंतीवर आपटली. तीन पावलं जोरात गेला आणि शांत उभा राहिला. डेल हसत होता आणि त्याच्या दाढीतून डोळ्यांचं पाणी गळत होतं.

"अजून आहे गं आत कुठेतरी! पण एक सांगतो, डाव्या बाजूलाच उभी राहा. समोर कधी म्हणजे कधी जाऊ नकोस. समोरचा तो त्याला परकाच."

व्हर्नेलचा जीव भांड्यात पडला. आता ती थाप मारायची, मनात एक म्हणायची, तो उठायचा, ती दंडाला धरून त्याला वळवायची. संडास झाला, अंघोळ झाली, आल्सीड टेबलाशी बसून जेवू लागला. मिस ओझी म्हणाली, "एवढा सांगितलेलं ऐकणारा नवरा अख्ख्या गावात नसेल हो." व्हर्नेल खूप दिवसांनी पोट धरून हसली.

नोव्हेंबरात सगळ्या संतांचा दिवस आला. त्या दिवशी गाव कबरींना चुना देतं, फुलं ठेवतं. आल्सीडला आईबापाच्या कबरीपाशी न्यायचं म्हणून तिने त्याला पांढरा शर्ट घातला. डाव्या बाजूला उभं राहून थाप मारली. त्याची मान वर आली आणि तिला दिसलं, कॉलर एका बाजूने आत दुमडली आहे. छत्तीस वर्षांचा संसार, बायकोचा हात जाणारच. ती समोर वाकली.

तीन बरगड्या गेल्या आणि उजवं मनगट मोडलं. ती भिंतीपाशी पडली होती, श्वास येत नव्हता. आल्सीड जवळ आला. त्याने हात पुढे केला आणि पडलेल्या आपल्या गड्याला मैदानात उठवतात तसं तिला तेच मोडलेलं मनगट धरून उठवलं. व्हर्नेल किंचाळली. त्याने तिची पाठ दोनदा थोपटली आणि समोर बघत उभा राहिला.

जोनेल त्याच संध्याकाळी ह्यूस्टनहून आली.

"पायरीवरून पडले," व्हर्नेल म्हणाली.

जोनेलने आईचा गाऊन खांद्यापासून खाली केला. गळ्याखाली दोन काळेनिळे पंजे उमटले होते.

"पायरीला हात असतात का गं, मम्मा?"

व्हर्नेलने डाव्या हाताने गाऊन वर ओढला. फोनवर डेल लहान पोरासारखा रडला. "मीच शिकवलं गं. माझीच चूक."

"कॉलर दुमडली होती रे," ती म्हणाली.

देखभालीचं घर चांगलं होतं. अंगणात अक्रोडासारख्या पेकानची झाडं, स्वच्छ ओसरी, दाराला आकड्यांचं कुलूप. जोनेलने आल्सीडचे पाय गाडीबाहेर काढून ठेवले, पण तो उठेना. आतून दोन धिप्पाड गडी आले, काखेत हात घातले, हाशहुश केलं. तो तसाच. लेकीने सगळीकडे बघितलं आणि मग आईकडे.

"मम्मा, तुझ्याशिवाय नाही उठायचा गं."

"मी नाही."

"मग हे लोक इंजेक्शन देऊन स्ट्रेचरवर नेतील."

व्हर्नेल उतरली. "समोरून बाजूला व्हा सगळे," ती म्हणाली. गाडीचं उघडं दार आणि तो, यांच्या मधल्या फटीत ती उभी राहिली, त्याच्या डावीकडे. आज त्याची कॉलर तिने घरीच नीट केली होती. उजवा हात प्लास्टरमध्ये, म्हणून डाव्या हाताने तिने त्याच्या मांडीवर दोनदा थाप मारली.

मान वर आली. मनातल्या त्या एकाच्या आत तिला वाटलं, या वेळी तरी चुकू दे याला, बसून राहू दे. आल्सीड उठला. तीन पावलांवरच्या, घराच्या उघड्या दारातून सरळ आत गेला, आणि दार त्याच्यामागे लागलं. त्याने एकदाही वळून पाहिलं नाही. रांगेतला माणूस पाहत नसतो. थाप देणारा आपल्याबरोबर निघालाच आहे, असं तो धरून चालतो.