कानात अक्का, शेजारी पाहुणे

मला गाडी चालवता येते, बोलता येतं आणि ऐकूही येतं. ही तिन्ही कामं एकदम करायला सांगितली, तेव्हा भाचीची सोयरीक मोडायची वेळ आली.

दाजी गेल्यापासून पल्लवीच्या लग्नाच्या बोलण्यात मोठेपणाचा मान मामा म्हणून माझ्याकडं आला. (मान माझा, निर्णय तिच्या आईचे, म्हणजे माझ्या अक्काचे.) आमच्यात मामा एकदा 'व्हय' म्हणाला की तो शब्द, मागं घेता येत नाही. पल्लवी शेंद्र्याला कंपनीत नोकरी करते. मुलगा तिला पसंत होता. अट एकच, लग्नानंतर नोकरी सोडणार नाही. बघण्याचा कार्यक्रम झाला आणि मुलाच्या वडिलांना, रंगनाथरावांना, सिल्लोडला सोडायचं काम माझ्यावर आलं.

अक्कानं फर्मान काढलं, "एकटा काय बी कबूल करू नगंस. मी फोनवर राहते. कानात ऐक अन् तेवढंच बोल."

माझा फोन गाडीला जोडलेला. म्हणजे अक्का बोलली की चारी दारांतल्या स्पीकरमधून बोलणार! म्हणून पाहुणे जेवून लवंडले तेवढ्यात मी लेकीचे बिनवायरचे हेडफोन थेट गाडीलाच जोडायला बसलो. गाडी म्हणते, शोधतेय. हेडफोनचा दिवा लुकलुकतोय. दोघंही शोधतायत आणि कुणालाच कुणी सापडत नाही! मी घामाघूम झालो.

बायको खिडकीतून डोकावली. "अहो, ही दोन्ही ऐकणारी. बोलणारा तुमचा फोन. दोन्हीकडून मुलीवालेच बसले तर सोयरीक जुळंल कशी? हेडफोन फोनला जोडा, अन् गाडीतून फोनचं नाव काढून टाका."

पहिलं मी केलं. दुसरं राहिलं.

हर्सूलला रंगनाथरावांनी माझ्या कानांवरच्या त्या दोन वाट्या बघून विचारलं, "हे काय मामा?"

"कानाला वारा लागतो," मी ठोकून दिलं आणि बटण दाबलं. बाहेरचा आवाज आत येऊ न देणं हा त्या हेडफोनचा खास गुण. (लेक ते घरात माझ्यासाठीच घालते.) त्यानंतर रंगनाथरावांचे फक्त ओठ हलताना दिसत होते. कानात अक्का.

"गाडी सावकाश चालव."

"व्हय."

"वाटंत त्यांना चहा पाज."

"व्हय, व्हय!"

"पट्टा लावलास का?"

"ते काय सांगायला पाहिजे!"

माझ्या प्रत्येक उत्तरावर रंगनाथराव खूश झाल्यासारखी मान डोलवत होते. मला वाटलं, आपण किती छान सांभाळतोय!

फुलंब्री मागं पडली आणि हेडफोननं एकदा बारीक आवाज काढून जीव सोडला. चार्जिंग संपलं! फोननं तत्काळ गाडीशी जुनं नातं जोडलं आणि चारी दारांतून अक्का कडाडली, "म्हातारं काय म्हणतंय रे? नोकरीचं काढलं का?"

रंगनाथराव दचकले. मग स्टिअरिंगकडं वाकून शांतपणे म्हणाले, "म्हातारं म्हणतंय ताई, पोरीनं नोकरी सोडावी. मामा म्हणले व्हय. घर सांभाळावं म्हणलं, तर म्हणले व्हय, व्हय. पोरगी ऐकंल ना म्हणलं, तर म्हणले, ते काय सांगायला पाहिजे!"

पोरीनं सांगितलेली एकच गोष्ट, आणि तीच मी वाऱ्यावर सोडली होती.

"कुणाचा शब्द?" अक्का ओरडली. "अहो, तो भाजी आणायला गेला तरी दहा येळा फोन करतो! माझी पोरगी नोकरी सोडणार नाय. पटलं तर सोयरीक, नाय तर रामराम!" आणि फोन बंद.

सिल्लोड आलं. पल्लवीला काय तोंड दाखवायचं, या विचारानं मला रडू फुटायचं बाकी होतं.

दारात उतरताना रंगनाथराव म्हणाले, "खरं सांगू मामा? मला तरी कुठं पटत व्हतं? आमच्या मंडळींनी बजावलं व्हतं, इचारल्याबिगर घरात येऊ नका. तुम्ही एवढ्या पटकन व्हय म्हणले की मलाच भ्या वाटलं. करू द्या पोरीला नोकरी. सोयरीक पक्की. मंडळी ऐकल्या नाय तर ताईंचा फोन लावून देतो. पण हिथून पुढं बोलणी ताईंशीच."

"व्हय," मी म्हणालो. त्यांनी आधी माझे दोन्ही कान मोकळे आहेत का ते बघितलं आणि मगच घरात गेले.

लग्नात गुरुजींनी पुकारलं, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं." मी ऐटीत पुढं झालो, तर पल्लवी माझा हात धरून हळूच म्हणाली, "चला मामा. आता नुसतं चालायचंय, बोलायचं काहीच नाही!"