वगळलेल्या बायका

"हे झालं सासरचं. माहेरचं नाव काय?"

चहाचा कप खाली ठेवून सर समोरच्या बाईला हे विचारत आणि बाई गोंधळून जाई. नवी टायपिस्ट आली तेव्हा तिलाही त्यांनी पहिल्याच दिवशी हेच विचारलं. सर लग्नं जुळवतात अशी आवई उठली आणि वॉर्डातल्या दोन मावश्यांनी आपापल्या मुलींच्या पत्रिका त्यांच्या टेबलावर आणून ठेवल्या. त्यांनी त्या नीट वाचून परत केल्या. म्हणाले, "गोत्र आहे, नाडी आहे, आईचं माहेर मात्र कुठंच नाही."

नाशिकच्या आमच्या कॅन्सर रुग्णालयात ते संख्याशास्त्रज्ञ होते. आईच्या स्तनाचा कॅन्सर लेकीत उतरतो का, कोणत्या घराण्यांत उतरतो, याचा अभ्यास चालला होता. गावोगाव हिंडून कुटुंबांची माहिती आणायचं काम माझं, गणित त्यांचं. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. ती बैठकीत बोलायला लागली की बाकीचे घड्याळाकडे बघतात. आमच्याकडे तर मोठे डॉक्टर सरळ फोन घ्यायला उठायचे.

मालेगावजवळच्या एका घरात मी लिहून आणलं होतं : सुलोचना, हयात, माहेरी राहते. नवऱ्यानं आणि सासऱ्यानं तसंच सांगितलं होतं. सर म्हणाले, "ताई, मग माहेरी जाऊन भेटू की तिला." माहेर नामपूरचं. तिथं सुलोचना नावाचं कोणी नव्हतं. भिंतीवर हार घातलेला फोटो होता आणि खाली नाव मंदा.

"आमनी मंदाच ती," म्हातारी आई म्हणाली. "तठे तिले सुलोचना म्हनतस. दुखनं वाढनं तवय आठे आनीसन सोडी गयात."

लग्नात सासरच्यांनी नाव बदललं होतं. छातीत गाठ निघाली तेव्हा त्यांनी तिला माहेरी आणून सोडलं. ती मंदा म्हणून मेली आणि सासरी सुलोचना म्हणून जिवंत राहिली. मागे दोन मुली होत्या. आई आपल्याला टाकून माहेरी गेली, एवढंच त्यांना सांगितलेलं.

परतताना सटाण्याजवळ सर म्हणाले, "आजारी सून सासरी मरत नाही, ताई. आपण तिला निरोगी म्हणून मोजतो." हरसूलकडून आणलेली माहितीही त्यांनी पुन्हा काढली. तिथंही 'माहेरी राहते' अशी नोंद असलेल्या बायका होत्याच.

त्यांनी मोठ्या डॉक्टरांना सांगितलं की सगळ्या बायकांच्या माहेरी जाऊन पुन्हा माहिती घ्यायला हवी, आणि या दोन मुलींना तर लगेच तपासणीला बोलवायला हवं. डॉक्टरांना परदेशी परिषदेचे वेध लागले होते. "ज्यांची माहिती जुळत नाही त्या केसेस वगळा," ते म्हणाले. "मुलींचं नंतर बघू."

"डॉक्टर, वगळलेल्या बायका कुठं जातात?" सरांनी विचारलं.

डॉक्टर हसले. मला त्या हसण्याचा अजून राग येतो.

सर शेवटी एका रविवारी एकटेच मालेगावला गेले. मुलींना भेटू द्या म्हणाले. आजोबांनी त्यांना दारातूनच हाकललं आणि दुसऱ्या दिवशी रुग्णालयात येऊन मोठ्या आवाजात तक्रार केली. "थोरलीचं लगीन ठरतंय, अन् तुमचा मानूस घरात कॅन्सर हाय म्हून सांगत फिरतो," ते म्हणाले. डॉक्टरांना आयतं कोलीत मिळालं. गोपनीयतेचा भंग झाला म्हणून सरांचा करार संपवला गेला. पुण्याहून दुसरा माणूस आला. तो हुशार होता. सांगितलं तेवढं वगळायचा. शोधनिबंध छापून आला, गंगापूर रोडच्या हॉटेलात जेवण झालं, अभ्यास गुंडाळला गेला.

काही वर्षांनी थोरली आमच्याकडेच आली. लग्न झालेली, गाठ पसरलेली. माहेरचं नाव विचारलं तेव्हा मी ओळखलं आणि सरांना फोन केला. ते तेव्हा नामपूरकडच्या एका कॉलेजात शिकवत होते. म्हणाले, "धाकटीची तपासणी करून घ्या, ताई. आता कोणाला विचारू नका."

त्यानंतर महिन्याभरात ते गेले. हृदयविकार. रुग्णालयानं शोकसभा ठेवली. मोठे डॉक्टर त्यांना अचूकतेचे उपासक म्हणाले. माणूस मेला की आपल्याकडे तो फार पटकन गुणी होतो. मला तिथं बसवेना, मी उठून बाहेर आले.

जिन्यात धाकटी उभी होती. वर बहिणीची केमो चालू होती. मी तिला तपासणीसाठी खोलीत घेऊन निघाले, तेव्हा तिनं सभागृहाच्या दारातून आतला सरांचा फोटो पाहिला आणि ती थांबली.

"हे आमच्या घरी आले होते," ती म्हणाली. "आजोबांशी बोलणं चाललं होतं, तेव्हा मला म्हणाले, बाळा, तुझी आई तुम्हाला टाकून गेली नाही."

"मग?"

"मला वाटलं, खोटं बोलतायत. दार मीच लावलं, ताई."